तीनशे सतरा म्हणजे नक्की कोण?

लायब्ररीच्या सभासदांचे फोन नंबर साफ करायची स्क्रिप्ट होती, सात-आठ ओळींची. सगळे सभासद आणायचे, नंबरमधले डॅश, स्पेस, पुढचं शून्य काढायचं, सेव्ह करायचं, बस. रात्री चालवली, एरर नाही काही नाही, लॅपटॉप मिटून झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी लायब्ररीतून काउंटरवरच्या मावशींचा फोन, "अगं, यादीत एकच माणूस दोन-दोनदा दिसतोय, आणि आमचे काही जुने सभासद दिसतच नाहीयेत, तू काल काही केलंस का?"

केलं होतं. पण काय केलं होतं ते मला कळायला दुपार झाली.

सुरुवातीपासून सांगते. आमच्या बडोद्यात दांडिया बाजारच्या अलीकडे-पलीकडे एक छोटी मराठी लायब्ररी आहे, नाव मुद्दाम घेत नाही कारण या गोष्टीत अर्धी चूक माझी आहे आणि अर्धी त्यांच्या जुन्या प्रोग्रामची, आणि कमिटीतले काका हा ब्लॉग वाचतात. लहानपणी आईबरोबर मी तिथे जायचे. बडोद्याला तसाही लायब्ररीचा अभिमान जरा जास्तच, सयाजीरावांनी 1910 मध्ये बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावून अख्ख्या संस्थानात ग्रंथालयांचं जाळं विणायला लावलं होतं, हे इथे प्रत्येकाला कोणीतरी एकदा ऐकवतंच. तर या लायब्ररीत नव्वदच्या दशकात कोणीतरी फॉक्सप्रो या डेटाबेसच्या जुन्या भाषेत प्रोग्राम लिहून दिला, पुढे दुसऱ्या कोणीतरी तोच डेटा उचलून मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाकला आणि वर व्हिज्युअल बेसिकचा काउंटर प्रोग्राम बसवला. तो अजून चालतो. मावशींची बोटं त्यावर डोळे मिटून फिरतात. कमिटीचं म्हणणं एवढंच की सभासदांना घरून मोबाइलवर पुस्तकं शोधता यायला पाहिजेत, वर्गणी किती बाकी ते दिसायला पाहिजे, आणि काउंटरचा प्रोग्राम बंद करायचा नाही. म्हणजे डेटाबेस तोच, त्याच्यावर दोन घोडे, एक म्हातारा आणि एक माझा जँगोचा (जँगो म्हणजे पायथनमध्ये वेबसाइट बनवायची तयार चौकट).

म्हटलं सोपं आहे. जँगोत इन्स्पेक्टडीबी नावाची कमांड आहे, ती जुना डेटाबेस वाचून मॉडेल्स, म्हणजे प्रत्येक टेबलाचं पायथनमधलं वर्णन, लिहून देते. प्रत्येक मॉडेलच्या मेटामध्ये मॅनेज्ड फॉल्स टाकून देते, म्हणजे जँगो त्या टेबलांच्या बांधणीला हात लावणार नाही, मायग्रेशनमध्ये बनवणार नाही, पाडणार नाही. फाइल आली, अकरा टेबलं. शेल उघडून पहिली क्वेरी मारली आणि एरर 1054, अननोन कॉलम, आयडी.

हे ज्यांनी जुन्या डेटाबेसवर काम केलंय त्यांना ओळखीचं असेल. तुम्ही मॉडेलमध्ये कुठलीच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक रेकॉर्ड वेगळं ओळखायचा कॉलम, सांगितली नाही तर जँगो स्वतःच धरून चालतं की आयडी नावाचा कॉलम आहे आणि तो आपोआप वाढतो. न विचारता. आपल्याकडे पाहुणा आला की जेवलाच नसणार असं धरून पान मांडतात ना, तसं. आणि या अकरा टेबलांपैकी सात टेबलांना प्रायमरी कीच नव्हती. इंडेक्स होते, पण युनिक, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा घेऊ न देणारा, एकही नाही.

यात त्या मूळ प्रोग्रामवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडने 1970 च्या पेपरात प्रायमरी कीबद्दल लिहून ठेवलं होतं हे खरं, पण डॉसच्या फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलीत ती सक्ती कुठे होती? तिथे प्रत्येक रेकॉर्डला फाइलीतल्या जागेवरून एक रेकॉर्ड नंबर मिळायचा आणि तोही टिकाऊ नाही, कारण डिलीट म्हणजे नुसती खूण, रेकॉर्ड तिथेच, आणि मग कधीतरी पॅक मारलं की खूण केलेले खरेच जातात आणि खालचे सगळे वर सरकतात. कालचा 50 आज 48. प्रायमरी इंडेक्स ही चीज फॉक्सप्रोत आली ती व्हिज्युअल फॉक्सप्रोबरोबर, 1995 ला. त्यामुळे त्या काळचा प्रोग्रामर युनिकपणा स्वतःच्या कोडात सांभाळायचा, नंबर टाकला की आधी शोधायचं, सापडला तर ओरडायचं. किंवा ओरडायचं नाही. आमच्या प्रोग्रामवाल्याने ओरडायचं नाही हे निवडलं होतं, आणि त्याला कारण होतं, ते मला नंतर कळलं.

तर मी काय केलं. सभासद टेबलात सभासद क्रमांक होता, दिसायला अगदी की सारखा, मी मॉडेलमध्ये त्याच्यासमोर प्रायमरी की ट्रू लिहून मोकळी झाले. क्वेऱ्या चालायला लागल्या. याद्या आल्या, शोध चालला, मी खूष.

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगते कारण मला स्वतःला ती इतकी वर्षं जँगो वापरून पण डोक्यात बसली नव्हती. मॅनेज्ड फॉल्स असलेल्या मॉडेलमध्ये प्रायमरी की ट्रू लिहिणं म्हणजे डेटाबेसला काही करायला सांगणं नाही, तर जँगोला दिलेला शब्द आहे, की बाबा हा नंबर एकाच रेकॉर्डवर असतो. जँगो तपासत नाही, डेटाबेसला तर माहीतही नाही. आणि सेव्ह म्हटलं की जँगो या शब्दावर विसंबून अपडेट पाठवतं, ज्यात मॉडेलमधले सगळे कॉलम असतात आणि शेवटी एवढंच, की जिथे सभासद क्रमांक अमुक. दोन रेकॉर्ड सापडली तर दोन्ही बदलतात. जँगो फक्त बघतं की निदान एक तरी बदललं का. बदललं ना, मग झालं.

आता स्क्रिप्टकडे. क्रमांक 317 वर दोन रेकॉर्ड होती, एक आजोबा आणि एक नातू. जँगोच्या क्वेरी सेटने, म्हणजे सगळी रेकॉर्ड मागवणाऱ्या यादीने, दोघांनाही मेमरीत आणलं. लूपमध्ये आधी आजोबा आले, फोन साफ झाला, सेव्ह, 317 असलेली दोन्ही रेकॉर्ड आजोबा झाली, नाव पत्ता अनामत सगळं. मग नातवाची पाळी, तो मेमरीत आधीपासून होता, सेव्ह, दोन्ही रेकॉर्ड नातू झाली. आजोबा संपले. असं एकूण 43 नंबरांचं झालं. एकेका नंबराला गेट करून, म्हणजे एकच रेकॉर्ड मागून, बघितलं असतं तर जँगो मल्टिपल ऑब्जेक्ट्स रिटर्न्ड म्हणून किंचाळलं असतं, पण लूपमध्ये सगळे एकदम आणले की त्याला संशयही येत नाही. एसक्यूएलअल्केमी (डेटाबेसशी बोलायचं पायथनमधलं दुसरं साधन) असतं तर तिसराच प्रकार, ते एका सेशनमध्ये एका की साठी एकच ऑब्जेक्ट ठेवतं, तेव्हा दोन रेकॉर्डांचा तिथे एकच माणूस दिसला असता.

बॅकअप होता. रात्री दोनचा डंप, माझी स्क्रिप्ट बाराला चालली होती, म्हणजे त्या रात्रीचा डंप पण बिघडलेलाच, नशीब की आदल्या दिवसाचा ठेवला होता. परत लावला. सेक्रेटरी काकांना सांगितलं की थोडी टेक्निकल गडबड होती. काका, तुम्ही हे वाचत असाल तर ती गडबड ही.

मग मी गेले लायब्ररीत, कोडात बघून कळणार नव्हतं. विचारलं, "मावशी, एका नंबरावर दोन माणसं कशी?" त्या म्हणाल्या, "दोन कुठे, एकच की, ते वारले ना 2006 ला." आणि मग उठून मला आत घेऊन गेल्या आणि ते कपाट दाखवलं. मी लहानपणापासून ते कपाट बघत आले होते, काउंटरच्या मागे, सागवानी, चौकोनी खणांचं, प्रत्येक खणावर पितळी नंबर, एक ते आठशे. सभासदाने पुस्तक नेलं की पुस्तकातलं कार्ड त्याच्या खणात. परत आणलं की कार्ड पुस्तकात. सभासद सोडून गेला, वारला, की खण रिकामा, मग नव्या येणाऱ्याला रिकामा खण. आठशेच खण आहेत, सभासद इतक्या वर्षांत कितीतरी जास्त होऊन गेले. 317 नातवाला मिळाला तो मुद्दाम, घरच्यांनी मागून घेतला, आजोबांचा खण आहे म्हणून.

म्हणजे 317 हा माणसाचा नंबर कधी नव्हताच. तो खणाचा नंबर होता. फॉक्सप्रोवाल्याने ओरडायचं नाही हे का ठरवलं ते मला त्या पितळी आकड्यांसमोर उभं राहून कळलं, आणि तीन महिने मी ज्या टेबलाला सभासद म्हणत होते त्याकडे बघायची माझी नजरच बदलली. देवघेवीच्या टेबलात 317 ने 1998 मध्ये नेलेली पुस्तकं होती, माझ्या साइटवर ती नातवाच्या खात्यात दिसत होती, तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

बाकीचे घोळ याच्यापुढे किरकोळ, पण दोन-तीन लिहून ठेवते, कोणाला तरी गूगल करताना लागतील.

पुस्तकांना दाखल क्रमांक असतो, तो मात्र खरा सोन्यासारखा, एकदा पडला की पुस्तक फाटलं हरवलं तरी तो पुन्हा कोणाला देत नाहीत, दाखल नोंदवहीत रांगेत पुढचा आकडा. मराठी म, गुजराती गु, हिंदी हिं, मग तिरकी रेघ, मग आकडा. म/1042. की म्हणून उत्तम. पण जँगोच्या यूआरएलमध्ये साधा स्ट्रिंग कन्व्हर्टर तिरकी रेघ घेतच नाही, चारशे चार, म्हणजे पान सापडलं नाही, असं येतं, तिथे पाथ कन्व्हर्टर लावावा लागतो. ॲडमिन (डेटा भरायची जँगोची तयार पानं) लिहिणारे शहाणे, ते स्वतःच रेघेच्या जागी अंडरस्कोर टू एफ लिहून मोकळे होतात.

दुसरा घोळ जास्त त्रासदायक. फॉक्सप्रोतले कॅरेक्टर कॉलम ठरावीक रुंदीचे, उरलेली जागा स्पेसने भरलेली, आणि मायएसक्यूएलमध्ये आणताना कोणी त्या शेपट्या कापल्या नाहीत, व्हारचारमध्ये तशाच आल्या. जुन्या कोलेशनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या तुलनेच्या नियमांत, मायएसक्यूएल तुलना करताना शेवटच्या स्पेसकडे दुर्लक्ष करतं, म्हणून जॉइन, म्हणजे दोन टेबलांची जोडणी, व्यवस्थित लागतो. पण जँगोचा प्रीफेच रिलेटेड जॉइन करत नाही, तो दोन वेगळ्या क्वेऱ्या मारून पायथनमध्ये डिक्शनरीत जोड्या लावतो, आणि पायथनला स्पेस म्हणजे स्पेस. त्यामुळे एकाच पानावर वर आकडा 14 पुस्तकं, कारण ती मोजणी डेटाबेसने केली, आणि खाली यादीत 9. मी अर्धा दिवस टेम्प्लेटमध्ये चूक शोधत बसले होते. मोठ्या-छोट्या रोमन अक्षरांचंही हेच होतं, डेटाबेसला सारखी, पायथनला वेगळी. आणि मायएसक्यूएल 8 वर येऊन त्याचं नवीन डिफॉल्ट कोलेशन लावाल तर डेटाबेसही स्पेस मोजायला लागतो, तेव्हा आधी ट्रिम करा, मग अपग्रेड. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी नावांची रडकथा वेगळी आहे, ती पुन्हा कधीतरी.

आणि दिवाळी अंक. अगं बाई, दिवाळी अंक! त्यांना दाखल क्रमांक नाही, दर वर्षी एक पासून नवीन मोजणी. 2011 चा 7, 2012 चा 7. म्हणजे वर्ष आणि क्रमांक मिळून की, जिला कंपोझिट म्हणतात. जँगो 2005 च्या जुलैत बाहेर आलं आणि त्याच वर्षी कोणीतरी तिकीट टाकलं, नंबर 373, की एकापेक्षा जास्त कॉलमची प्रायमरी की पाहिजे. ते पूर्ण झालं 5.2 मध्ये, एप्रिल 2025 ला. जवळजवळ वीस वर्षं. रेल्समध्ये (रूबी भाषेतली अशीच चौकट) तोपर्यंत वेगळं जेम, म्हणजे जोड-पॅकेज, लावून चालायचं, मग 7.1 मध्ये म्हणजे 2023 ला आतूनच आलं. मी 5.2 घेतलं, मोठ्या आनंदाने कंपोझिट प्रायमरी की लावली, याद्या वगैरे छान चालल्या, आणि मग कळलं की असलं मॉडेल ॲडमिनमध्ये रजिस्टर होत नाही. आणि साधी फॉरेन की, म्हणजे एका टेबलातून दुसऱ्यातल्या रेकॉर्डकडे नेणारा कॉलम, त्याच्याकडे बोट दाखवू शकत नाही, म्हणजे देवघेवीतून दिवाळी अंकाकडे जायला आडवाट. मावशींना ॲडमिन हवंच होतं, नाहीतर अंक भरणार कोण, मी? तेव्हा कंपोझिट काढून टाकली. कोणाला वाईट वाटेल, पण माझं मत असं झालंय की जिथे फक्त वाचायचं आहे तिथे कंपोझिट चालेल, जिथे माणूस स्क्रीनवर बसून भरणार तिथे नाही.

मग केलं काय, तर शेवटी सरळ आयडीच घातला. प्रश्न होता जुन्या प्रोग्रामचा. मायएसक्यूएलचा जनरल लॉग एक दिवस चालू ठेवला, काउंटरचा प्रोग्राम नक्की काय पाठवतो ते बघायला, आणि दिसलं की तो इन्सर्ट करताना कॉलमची नावं लिहितच नाही, नुसत्या किमती ओळीने. टेबलात एक कॉलम वाढवला की कॉलम काउंट जुळत नाही म्हणून पडणार, आणि मावशींचं काम बंद. इथे मला मायएसक्यूएल 8.0.23 पासून आलेला इनव्हिजिबल कॉलम कामाला आला. कॉलम असतो, पण सिलेक्ट स्टारमध्ये दिसत नाही, नावं न लिहिता इन्सर्ट केलं तर मध्ये येत नाही, नावाने मागितला तरच भेटतो. ऑटो इन्क्रिमेंट, प्रायमरी की, इनव्हिजिबल, नाव आयडी. जुन्या सगळ्या रेकॉर्डांना आपोआप नंबर पडले. म्हाताऱ्या प्रोग्रामला पत्ताच नाही. आणि जँगो तर प्रत्येक कॉलम नावानेच मागतं, तेव्हा मी मॉडेलमधून माझं ते प्रायमरी की ट्रू पुसलं आणि काहीच लिहिलं नाही, जँगोने धरून चाललं की आयडी आहे, आणि यावेळी तो होता. (8.0.30 पासून मायएसक्यूएल सेटिंग चालू केलं तर की नसलेल्या नव्या टेबलांना स्वतःच असा लपलेला कॉलम देतं, पण त्याचं नाव माय रो आयडी, आणि जुन्या टेबलांना ते लागू नाही, म्हणून हातानेच केलं.)

यासाठी मायएसक्यूएल 8 वर अपग्रेड केलं त्या दिवशी काउंटरच्या प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा जुना ओडीबीसी ड्रायव्हर नवीन पासवर्ड पद्धतीवर अडला, त्या युजरला मायएसक्यूएल नेटिव्ह पासवर्ड दिला तेव्हा चालला. मधल्या दीड तासात मावशींनी शांतपणे वही काढून पेनाने देवघेव लिहिली आणि मला म्हणाल्या, "जा, सेव उसळ खाऊन ये, तोंड बघ कसं झालंय." खंडेराव मार्केटपर्यंत गेले, दोन पाव जास्त खाल्ले.

सभासद आणि खण आता वेगळे आहेत. एक नवीन टेबल केलं, हे मात्र जँगोच सांभाळतं, त्यात खण, सभासदाचा आयडी, कधीपासून, कधीपर्यंत. देवघेवीतलं पुस्तक कोणाचं हे तारखेवरून ठरतं. 43 पैकी 38 नंबरांच्या तारखा वर्गणीच्या पावत्यांवरून लागल्या, पाचांसाठी मावशींची आठवण. "हे पावसाळ्यात गेले, त्या वर्षी सुरसागर तलाव भरून वाहत होता," असलं काहीतरी सांगायच्या आणि आम्ही दोघी वर्ष शोधायचो.

मी ठरवलं होतं की हा आयडी कोणाला दाखवायचा नाही, तो फक्त मशीनचा, मशीनमधल्या मशीनमध्ये. स्क्रीनवर कुठेही छापला नाही. गेल्या आठवड्यात गेले तर कपाटापाशी मावशी एका मुलाला सांगत होत्या, "तीनशे सतरा ना? थांब हं." खणातून कार्ड काढलं. कार्डावर वर शाईने 317 आणि खाली पेन्सिलने आणखी एक आकडा. मी विचारलं, "मावशी, हा आकडा कसला?"

"अगं, तुझ्या साइटवर ह्याचं पान उघडलं की वर पत्त्यात येतो ना तो. सगळ्यांचे लिहून काढतेय. चारशेपर्यंत झाले."